हिराबाईंचा दोरा

मनीषाने माझ्या मनगटाला चावा घेतला, तेव्हा मी तिची टेस्ट घेत होते. चौथा प्रश्न होता. लाकडी ठोकळ्यांचा मनोरा करायचा. दोन ठोकळे तिने नीट ठेवले आणि मग थांबली. समोर बघत राहिली. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा तिचा हात धरून ठोकळ्यावर नेला. त्याबरोबर तिने किंकाळी फोडली, माझं मनगट चावलं आणि पाठोपाठ स्वतःचंही.

"सोडा बाय, सोडा तिला," तिची आई म्हणाली. "धरू नका. येल ती आता."

मला वाटलं, आई लाड करतेय. फॉर्मवर मी लिहिलं: लक्ष नाही, सूचना पाळत नाही, हट्टी, चावते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. पनवेलच्या बाजारापासून जवळ एका ट्रस्टचं सेंटर होतं. सेंटर म्हणजे दवाखान्यामागच्या दोन खोल्या. आठवड्यातले तीन दिवस मी तिथे असे. शिक्षणाने मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. हे सांगितलं की समोरचा हमखास विचारायचा, "म्हणजे वेड्यांच्या डॉक्टर?" जरा शिकलेल्यांना वाटे, मी बोलून बरं करते. पण माझ्याकडची निम्मी मुलं बोलतच नसत. कुणाची वाढ मंद, कुणाच्या मेंदूला जन्माच्या वेळी इजा झालेली. अशा मुलांशी काम करायचं ते खेळातून, सवयींतून आणि आईबापांना शिकवून. औषध देण्याचा अधिकार मला नव्हता. ते डॉ. लिमये बघत. ते मुलांचे डॉक्टर आणि सेंटरचे प्रमुख.

मनीषा सात वर्षांची. उरणकडच्या खाडीवरच्या कोळीवाड्यातून तिची आई हिराबाई तिला एसटीने घेऊन यायची. वडील होडीवर. मनीषाला चार-पाच शब्द येत. शाळेने दोन महिन्यांत घरी पाठवलेली. हिराबाईंचे दीर न्हावा शेव्याला बंदरात कामाला होते. घरातले तेच शिकलेले, म्हणून घरात त्यांचा शब्द चाले. त्यांनी घाटावरची एक संस्था शोधली होती. तिथे अशी मुलं कायमची ठेवून घेत. त्यासाठी आमचं सर्टिफिकेट लागणार होतं की, ही मुलगी घरी सांभाळण्यासारखी नाही. तेवढ्यासाठीच त्यांनी या दोघींना आमच्याकडे पाठवलं होतं.

हिराबाई मात्र जाताना दारात थांबल्या. "बाय, कागुद लगेच देऊ नका," एवढंच म्हणाल्या.

मी डॉक्टरांकडे सहा आठवडे मागितले.

"सहा कशाला? टेस्ट झाली, रिपोर्ट द्या. बाहेर वेटिंग लिस्ट बघितलीत ना?"

"टेस्ट पुरी झालेली नाही सर. मला चावण्याचं कारण शोधायचंय."

"चार आठवडे," ते म्हणाले.

आमच्या कामात एक साधा चार्ट असतो. मूल चावतं, आदळआपट करतं, तर त्याच्या आधी काय घडलं आणि नंतर काय घडलं, ते घरच्यांनी रोज लिहायचं. आठवडाभरात काहीतरी धागा सापडतो. मी हिराबाईंना चार्ट समजावला.

"मना लिवता नाय येत," त्या म्हणाल्या.

"मग लक्षात ठेवा. आणि ती चावली की तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही. लक्ष दिलं की सवय वाढते."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी त्यांनी टेबलावर एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. आत जाळं सांधायचा दोरा होता. चांगला तीन-चार हात लांब. त्याला ठिकठिकाणी गाठी आणि मध्ये मध्ये लाल चिंध्या बांधलेल्या.

"ह्यो तुमचा कागुद," हिराबाई म्हणाल्या. "लाल चिंधी बांदली का नवा दिस. येक गाठ म्हंजे चावली. दोन लागून गाठी म्हंजे वरडली."

मी दोरा हातात घेतला. गाठींच्या शेजारी काही ठिकाणी दोरा नुसताच वळवून मोकळा फासा ठेवला होता.

"आणि हा फासा?"

"तवा ती नसते."

"नसते म्हणजे? घराबाहेर जाते?"

"नाय. हितंच असते. डोले उघडे असतात. पन ती नसते. मी हाक मारीत नाय, थांबते. मंग ती माघारी येते. येताना घाबरलेली असते, झोपेतून वडून काढल्यावानी. तवा कोनी धरली का चावते. धरली नाय तर नाय चावत."

मी फाशांवरून बोट फिरवत गेले. सात दिवसांत एकोणीस फासे. चावण्याची प्रत्येक गाठ कुठल्या ना कुठल्या फाशाला चिकटून होती. एकही गाठ एकटी नव्हती. पण काही फाशांपुढे गाठच नव्हती.

"इथे चावली नाही?"

"तवा घरात मी एकलीच व्हती. धरनारा कोनी नव्हता."

"हिराबाई, हे तुम्ही आधी कुणाला सांगितलंत?"

"कोनी इचारला नाय."

माझ्या टेस्टचा चौथा प्रश्न डोळ्यांपुढे आला. मनीषा थांबली होती, समोर बघत होती आणि मी तिला धरलं होतं. फिट म्हटलं की आपल्याला पडणं, हातपाय झाडणं, तोंडाला फेस एवढंच आठवतं. पण फिटचा एक गुपचूप प्रकारही असतो. माणूस बसल्या जागी काही सेकंद हरवतो. परत येतो तेव्हा आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही. पुस्तकात मी हे वाचलं होतं. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. समोर आलं तेव्हा मात्र मी 'हट्टी' लिहून मोकळी झाले. वर आईला सांगितलं, लक्ष देऊ नका. त्या बाईने माझं ऐकलं नाही, हे त्या मुलीचं नशीब.

मी दोरा घेऊन डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ऐकून घेतलं.

"मॅडम, मुंबईला न्यूरॉलॉजिस्टला काय लिहू? पेशंटच्या आईने दोऱ्याला गाठी मारल्यात, सबब ईईजी काढावा?"

"हो सर. तसंच लिहा."

ते हसले. मग दोरा टेबलावर सरळ पसरून चिंधीपासून चिंधीपर्यंत मोजू लागले. तिसऱ्या दिवसापर्यंत आले आणि हसू गेलं. त्यांनी लेटरहेड ओढलं.

मुंबईला मी स्वतः सोबत गेले. ईईजी म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख काढणं. पहिल्या वेळी त्यात काही दिसलं नाही. पुढच्या आठवड्यात मनीषाला झोपवून पुन्हा काढला, तेव्हा एका बाजूच्या कानशिलाजवळच्या लहरी बिघडलेल्या दिसल्या. न्यूरॉलॉजिस्ट वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी आलेख बाजूला ठेवला आणि दोरा बघितला. एकेका गाठीचा अर्थ हिराबाईंना विचारला.

"मी पेशंटच्या घरच्यांना छापील डायरी देतो," ते मला म्हणाले. "निम्म्या कोऱ्या परत येतात."

गोळ्या सुरू झाल्या. दोऱ्यावरचे फासे विरळ होत गेले. संपले नाहीत. आणि गोळीने मुलगी बोलायला लागत नाही. तिची हरवलेली वर्षं गोळी परत आणत नाही. तिथून पुढचं काम आमचं होतं. डॉक्टरांनी आता आठवड्यांचा विषय काढला नाही. चित्रांची कार्डं, बाहुलीचा खेळ, एकेक शब्द, एकेक लहान पायरी. राहिलेल्या फाशांचं काय करायचं, ते मात्र हिराबाईंच्या बोलण्यातून सुचलं.

"जायच्या आदी ती आवंढा गिलते," त्या एकदा म्हणाल्या. "दोन-तीनदा. मंग जाते."

म्हणजे आत काहीतरी होतंय, हे मनीषाला आधी जाणवत असावं. आम्ही ठरवलं, तिला त्या क्षणी करायला काहीतरी द्यायचं. बाहुलीने आवंढा गिळल्यासारखं करायचं आणि जाऊन आईच्या मांडीवर बसायचं, आईचा अंगठा धरायचा. पावसाळाभर आम्ही हा एकच खेळ खेळलो. ती बाहुलीला बरोबर बसवायची. स्वतः मात्र एकदाही गेली नाही. मला वाटायला लागलं होतं, हे तिच्या आवाक्याबाहेरचं आहे.

दिवाळीच्या सुमारास दीर आले. संस्थेचा फॉर्म घेऊनच आले होते. जागा रिकामी झाली होती. माणूस वाईट नव्हता. वहिनीचे हाल बघून थकला होता.

"मॅडम, सही द्या. किती दिवस हे चालायचं?"

मी काही बोलणार, तेवढ्यात माझं लक्ष मनीषाकडे गेलं. ती टेबलाशी मणी ओवत होती. तिने आवंढा गिळला. पुन्हा गिळला. हिराबाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. त्यांनीही पाहिलं. पण त्या उठल्या नाहीत.

मनीषाने मणी खाली ठेवले. उठली. खोली ओलांडून आईकडे गेली, मांडीवर बसली आणि तिचा अंगठा मुठीत धरला.

"आय," ती म्हणाली.

आणि गेली. डोळे उघडे, नजर कुठेच नाही. खोलीत कुणी हललं नाही. वर पंखा फिरत होता. अर्धं मिनिट गेलं असेल. मग तिची नजर परत आली. तिने आईचं तोंड पाहिलं, हातातला अंगठा पाहिला. किंचाळली नाही, चावली नाही. थोडा वेळ टेकून बसली आणि पुन्हा मण्यांकडे आली.

आपल्याच मेंदूत उठणारं वादळ येण्याआधी ओळखायचं आणि ते येईपर्यंत सुरक्षित जागी जाऊन बसायचं, हे सात वर्षांच्या, पाच शब्दांच्या मुलीने केलं होतं. माझ्या कपाटात बुद्धी मोजायच्या चार टेस्ट होत्या. हे मोजणारी एकही नव्हती.

दीर वहिनीकडे वळले.

"वहिनी, ही सांगून जाते?"

"आज पयल्यांदा सांगून गेली," हिराबाई म्हणाल्या.

दिरांनी फॉर्मची घडी घातली आणि खिशात ठेवली. "सांगून जाते, तर तिला घालवायची कशाला," ते म्हणाले.

मनीषा पुढे सात वर्षं आमच्याकडे येत होती. लिहायला-वाचायला शिकली नाही. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलायला लागली. आईबरोबर बाजारात बसायची, मासळी निवडून वेगळी करायची. फिट महिन्या-दोन महिन्यांतून एखादी यायची. ती सांगून जायची.

आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो: माहिती देणाऱ्याची विश्वासार्हता. मनीषाच्या फाइलमध्ये पहिल्या दिवशी तिथे मी लिहिलं होतं: 'मर्यादित, आई निरक्षर'. ते मी खोडलं नाही. सेंटरला नवीन मुली ट्रेनिंगला आल्या की मी त्यांना ते पान दाखवायचे आणि सांगायचे, हा रकाना आपल्यासाठीही भरून बघत जा.