आधी मामा बोलतील

सुमन सिस्टर गेल्याचं मला हातखंब्याला कळलं, एसटीची वाट बघताना. वॉर्डातल्या मावशीचा फोन आला, "मामा, आपल्या सिस्टर गेल्या..." एसटी आली नि गेली, मी तिथंच उभा. आता महिना उलटला. माझं शिक्षण चौथी. पण रत्नागिरीच्या इस्पितळात उभा जन्म स्ट्रेचर ढकललंय, तेव्हा सिस्टरांबद्दल लिहायला मला कुणाची परवानगी नको.

एकदा पुण्याहून पाहणीचे कागद घेऊन मुली आल्या होत्या. डॉक्टर, सिस्टर, औषधवाले मिळून काम करण्याला किती मानतात, ते मोजायला. 'सगळ्यांचं ऐकून निर्णय व्हावा', सहमत की असहमत, खूण करा. सगळ्यांनी 'पूर्ण सहमत'वर खुणा केल्या, मोठ्या डॉक्टरांनी तर न वाचताच. सिस्टर वेळणेश्वरच्या, मासळीत वाढलेल्या. मुलींना म्हणाल्या, "मासेवालीला बांगडा ताजा काय विचारलंत, तर ती शिळा म्हणेल होय? टोपलीत हात घाला. आणि ह्या मामांना का नाही विचारलंत?"

"ते आमच्या यादीत नाहीत."

"मग मलाही काढा." कागद कोराच परत दिला.

मोठे डॉक्टर तापले. "सिस्टर, आपलीच शोभा करताय."

"मग उद्यापासून खरंच करून दाखवू या, डॉक्टर."

दुसऱ्या दिवशी राऊंडला त्यांनी खाटेजवळचं लोखंडी स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं. "बसा. आधी मामा बोलतील, मग मावशी, मग मी, शेवटी डॉक्टर. डॉक्टर आधी बोलले की आमची तोंडं शिवली जातात."

तेव्हा मंडणगडचे एक आजोबा जेवत नव्हते. मी ऐटीत सांगितलं, "आजोबा जेवत नाहीत, सुनेवर रुसलेत." डॉक्टरांनी त्यांना तोंड उघडायला लावलं. कवळी मंडणगडलाच राहिलेली! अख्खा वॉर्ड हसला, आजोबासुद्धा. मी स्टुलावरून उठायला लागलो, तर सिस्टरांनी खांदा दाबला. "हसा सगळे. पण मामा बोललेच नसते, तर डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं असतं? उद्याही पहिला नंबर मामांचाच."

डॉक्टर म्हणाले, "बरं बाई." आणि ते असेपर्यंत तसंच चाललं.

मी निवृत्त झालो. पुढं सिस्टर आजारी पडल्या, नवे साहेब आले, वेळ नाही म्हणाले, पद्धत बंद. शोकसभेत माईक आधी त्यांच्याच हातात. "सिस्टर म्हणजे टीमवर्कचा आदर्श..." मी उठलो. "साहेब, थांबा. सिस्टरांकडे सुरुवात खालून होते." मागून कुणीतरी म्हणालं, "मामा, खाली बसा." नाही बसलो. बोललो. मग मावशी बोलली, रडत रडत. साहेब शेवटी.

ते स्टूल आता कोपऱ्यात असतं, वर सलाईनची खोकी. बीपी दाखवायला गेलो की मी वॉर्डात शिरतो, खोकी उतरवतो, स्टूल खाटेजवळ नेऊन ठेवतो. पुढच्या खेपेला खोकी परत वर. असू देत. मी परत उतरवतो.