ऑर्किड आणि दुसरा गुडघा

पडदा सरकतो आणि समोर दिसते पूर्वेची एक खिडकी. खिडकीत पारदर्शक कुंडी, कुंडीत मातीऐवजी सालीचे तुकडे, आणि त्यात बसलेलं पाच जाड पानांचं एक ऑर्किड. समोर खांद्यावर टॉवेल टाकून, हातात सलूनमधली फवाऱ्याची बाटली घेऊन मास्तर उभे आहेत.

हे मास्तर शाळेतले नव्हेत, सलूनमधले. चाळीस वर्षं लोकांची डोकी सांभाळून गेल्या वर्षी त्यांनी खुर्ची पुतण्याच्या हवाली केली आणि ते घरी बसले. घरी बसलं ते नुसतं शरीर. डोळे अजून कामावरच होते. समोरच्या माणसाच्या मानेवर केस वाढलेले दिसले, की मास्तरांची दोन बोटं आपोआप कात्रीसारखी हलू लागत.

ऑर्किड बायकोचं. चार वर्षं तिने ते जपलं होतं, पण आणलं तेव्हा फुललं ते फुललं, पुढे नाव नाही. आणि नेमकी तिच्या ताईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली, त्याच आठवड्यात ती म्हणाली, "अहो, या वर्षी फुलणार बरं का. दांडा येतोय." मास्तरांनी मान हलवली. गिऱ्हाईक राजकारणावर बोलू लागलं की हलवायचे, तशी. दांडा म्हणजे मधोमध सरळ वर येणार, अशी त्यांची समजूत.

ताईकडे निघताना तिने बजावलं, "रविवारी दहा मिनिटं पाण्यात बसवायचं. पानांच्या मधल्या खळग्यात पाणी साचू द्यायचं नाही. आणि तिसरं म्हणजे, तुम्ही त्याला काहीही करायचं नाही." पहिल्या दोन गोष्टी मास्तरांनी तोंडपाठ केल्या.

बारा दिवस त्यांनी कळ काढली. पण कुंडीच्या कडेवरून राखाडी मुळं चारी दिशांना लोंबत होती, दोन महिने सलूनचं तोंड न पाहिलेल्या माणसासारखी. तेराव्या दिवशी मास्तरांनी ठेवणीतली कात्री काढली, स्पिरिटने पुसली आणि पानांभोवती टॉवेल गुंडाळला. त्यांचा एक नियम होता: पहिल्या फेरीला राखून कापायचं, कारण केस परत चिकटवता येत नाहीत. सात मुळं झाली. आठवं हिरवं, जाड, आणि भोवऱ्यावरच्या केसासारखं हट्टाने वर उभं. तेही दोन बोटं राखून उडवलं. मग मास्तर मागे सरकले आणि सवयीने झाडामागे आरसाही धरला.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "दांडा केवढा झाला? खालच्या पानाच्या बगलेत बघा. हिरवा आहे, टोक मोज्यातल्या अंगठ्यासारखं."

मास्तरांनी कचऱ्याच्या डब्यात पाहिलं. अंगठा तिथे होता.

"आवाज तुटतोय," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो तुकडा रुमालात गुंडाळून ते नर्सरीत गेले. नर्सरीवाल्याने चष्मा लावला. "फुलाचा दांडा होता हा. कुणी कापला?"

"शेजाऱ्यांनी."

"शेजाऱ्यांना म्हणावं, कात्री विकून टाका. अगदी बुडापासून कापला?"

"छे, राखून. दोन बोटं आहे अजून. एक गाठही आहे त्यावर."

"मग वाचले तुमचे शेजारी. त्या गाठीतून फांदी फुटू शकते. खात्री नाही, पण फुटलीच तर फुलायला तीन महिने धरा."

बायको महिन्याभरात परतणार होती. मास्तर रात्रभर तळमळले आणि सकाळी त्यांनी आपणहून फोन लावला.

"ताईंचा दुसरा गुडघा कसा आहे गं?"

"दुखतो. पण डॉक्टर म्हणाले, वर्षभर थांबलं तरी चालेल."

"वर्षभर का सोसायचं? एकदाच काय ते होऊन जाऊ दे. तू राहा तिथे. माझं मी करून खातो."

ताई आणि मास्तर गेल्या तीस वर्षांत एकदाच शेजारी उभे राहिले होते, आणि तेही फोटोग्राफरने ढकललं म्हणून.

"तुम्हाला बरं आहे ना?" बायकोने विचारलं.

दुसरा गुडघा झाला. इकडे मास्तरांनी कात्री डब्यात घालून डबा कपाटावर टाकला. रविवारी घड्याळ लावून झाडाची आंघोळ, मग खळगा कापसाने टिपणं. विसाव्या दिवशी गाठ तांदळाच्या दाण्याएवढी फुगली, तेव्हा मास्तर श्वासही बेताने घेऊ लागले. दाण्याची फांदी झाली, फांदीला पाच कळ्या आल्या. बायको परतली त्या सकाळी त्यातली एक उमलली होती, पांढरी, आत जांभळी.

ती चपला न काढताच खिडकीशी गेली. फुलाकडे बघत राहिली. मग तिचं बोट हळूच खाली उतरत कापलेल्या टोकावर थांबलं.

"हा हात तुमचा."

"कशावरून?"

"तीस वर्षं माझे केस कोण कापतंय? तिरका काप मी ओळखत नाही?"

"राखूनच कापला होता," मास्तर पुटपुटले.

"आणि म्हणून ताईचा दुसरा गुडघा." तिने पिशवी खाली ठेवली. तिला हसू आवरत नव्हतं. "तिला मी काही सांगणार नाहीये. रडली हो बिचारी. म्हणाली, भावोजींना मी उगाच नावं ठेवली, असं मायेचं माणूस मिळत नाही. आता विश्रांती घ्यायची तर तुमच्याच घरी. गुरुवारी येतेय. तीन महिन्यांसाठी."

मास्तर हळूहळू खुर्चीत बसले. उरलेल्या चार मिटलेल्या कळ्यांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि अगदी काळजीच्या सुरात विचारलं,

"त्यांची कोपरं दाखवली का गं कुणाला?"