डकोटाला वेसण

चार रिकामी माणसं एका सुताराच्या पडवीत रोज बसली, की किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. आमचा तर विषयच तसा. दुसऱ्या महायुद्धातली विमानं, रणगाडे आणि बंदुका. मोहाडीजवळच्या आमच्या गावात देविदास सुतार, धानवाले लांजेवार आणि मी रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर, असे तिघं मिळून ते महायुद्ध लाकडात लढतो.

चौथी देविदासची आत्या. वय ऐंशीच्या पुढे. तिचे वडील ब्रह्मदेशच्या लढाईत होते. परत आल्यावर त्यांनी सांगितलं, की जंगलात आम्हाला विमानातून तांदूळ यायचा. पॅराशूट नाही, नुसती पोती टाकायचे. तेव्हाचे पाटील म्हणाले, "एवढ्या उंचावरून पडलं तं पोतं फुटणार नाही का?" गाव हसलं आणि आत्याच्या वडिलांच्या घराला 'गप्पाड्याचं घर' असं नाव पडलं. आजही पोरं तेच नाव घेतात. आत्याच्या जिवाला ते लागून राहिलं आहे.

म्हणून आम्ही काहीही करायला घेतलं, की तिचा एकच प्रश्न, "तांदूळवालं विमान कधी करता जी?"

* * *

पहिलं केलं स्पिटफायर. पंखांची गोलाई अशी उतरली, की मी देविदासची पाठ थोपटली. मग नाकाकडे लक्ष गेलं. पंख्याच्या मागे आरपार भोक!

"हे काय?"

"वेसण घालाले, मास्तर."

देविदासचा हात आयुष्यभर तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करण्यात गेला. पोरं ते बैल दोरीनं ओढत घरोघरी नेतात.

"अरे, विमानाला वेसण?"

"मंग पोट्टे कायले धरून वढतीन?"

तेव्हापासून आमच्या प्रत्येक विमानाला वेसण आहे आणि रणगाड्यांनाही.

* * *

जर्मनांचा टायगर भारी की रशियनांचा टी-थर्टीफोर, यावर लांजेवारांचं आणि माझं आठवडाभर बोलणं बंद होतं. मी टायगरच्या बाजूनं. शेवटी ऐन भाताच्या रोवणीत लांजेवारांनी दोन्ही लाकडी रणगाडे उचलले आणि आपल्या बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, चिखलात नेऊन ओढले. रोवणाऱ्या बाया कंबर सरळ करून बघत उभ्या राहिल्या.

माझा टायगर निम्म्यातच रुतला. टी-थर्टीफोर रुंद पट्ट्यांवर थेट पलीकडच्या बांधापर्यंत, धुऱ्यापर्यंत गेला.

"मास्तर, तुमची टायगर माह्या बांधीत आली असती ना, तं दिवाळीपर्यंत निघाली नसती."

आत्याला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "चिखलात फसते ते गाडी कायले केली? तांदूळवालं करा."

* * *

हिवाळ्यात एका नाटक कंपनीनं आमची स्टेनगन नेली. स्टेनगनचं मॅगझिन बाजूला आडवं असतं. आम्ही ते तसंच केलेलं. हिरोनं ऐटीत बंदूक फिरवली, मॅगझिन पडद्याच्या दोरीत अडकलं आणि गोळी झाडायच्या आत पडदा खाली. व्हिलन पडद्यामागे धडधाकट.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर आले. "मास्तर, ते मॅगझिन खाली लावून द्या."

"असली बंदूक अशीच असते हो."

मॅनेजरांनी बंदूक दोनदा उलटीपालटी करून पाहिली. "मंग त्या लढाईत लोकं मरत कसे होते जी?"

* * *

यंदा मात्र आत्याचं तांदूळवालं विमान, डकोटा केलं. हातभर लांब, डाव्या अंगाला मोठं दार, नाकात अर्थातच वेसण. आत्यानं आपल्या हातानं एक पोटली शिवली, तांदूळ भरला आणि ती दुसऱ्या मोठ्या, सैल पोटलीत घातली.

"हे डबल काहून?" देविदासनं विचारलं.

"बाबा सांगे, पोत्यात पोतं घालत. आतलं फाटे, बाहेरचं धरून ठेवे. लोकं हासून राहिले होते, पुढचं कोणी आयकलंच नाही."

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी गल्ली पोरांनी आणि बैलांनी भरली होती. त्यात आत्या डकोटा ओढत निघाली. मला हसू आवरेना. ती थेट पाटलांच्या दारात थांबली. पोतं फुटण्याची शंका काढणाऱ्या त्या पाटलांचा मुलगा, आताचे दशरथ पाटील, बैलांची पूजा करायला ताट घेऊन उभे होते.

आत्या त्यांच्या उंच ओट्यावर चढली. विमान डोक्यावर धरलं आणि डावीकडे कलतं केलं. पोटली दारातून सुटली आणि खालच्या फरशीवर धप्पकन पडली. पोरं बैल सोडून जवळ आली.

पाटील खाली उतरले. पोटली उचलली, बाहेरचं तोंड सोडून आत पाहिलं. आतली शिवण उसवली होती. फरशीवर एक दाणा नव्हता.

पाटलांनी पोटलीचं तोंड पुन्हा बांधलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आत्या, बाबा खरं बोलत होते तुमचे."

आत्या विमानाची दोरी गुंडाळत होती.

"मले काहून सांगून राहिला? पोराईले सांग."