भिंतीकडे तोंड करून

आबाकाका गेल्याचा काकीचा फोन आला तेव्हा मी माटुंग्याच्या बाजारात होतो. "काका गेले रे बाबू," एवढंच ती बोलली. त्याला सहा आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, अबोल माणूस, संपाने खचला. मी मान हलवतो... पण खरं तेवढंच नव्हतं.

काकांनी परळच्या गिरणीत बावीस वर्षं विणकाम केलं. कापड विणायचे साचे धडधडत असताना कानाशी ओरडलेलंही ऐकू यायचं नाही, म्हणून तिथे सगळे एकमेकांचे ओठ वाचत. काकांची नजर इतकी तयार झाली होती की लालबागच्या चाळीत गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला कोण काय बोलतंय, ते त्यांना दारातून कळायचं. आम्हा मुलांना ती जादू वाटे. संपात साचे बंद पडले, नजर मात्र चालूच राहिली. काका दिवसभर दहा बाय बाराच्या खोलीत, आणि त्याच खोलीत काकी पहाटेपासून लोकांचे डबे करायची. एका दुपारी मी कॉलेजातून आलो तेव्हा काका दाराशी उभे होते आणि काकी लांब नळावर शेजारणीशी बोलत होती. मला अवाक्षर ऐकू आलं नाही. काकांचा चेहरा मात्र उतरला. खूप विचारल्यावर म्हणाले, "ती म्हणता, हे दिवसभर घरात बसान आसतत, माका श्वास घेवक जागा नाय."

"बघू नका ना तिकडे."

"कानात बोळो घालूक येता. डोळ्यांचा काय करू? तोंड हलला की वाचला जाता. माझ्या हातात नाय ता... तिका सांगू नको हां."

दुसऱ्या दिवसापासून ते स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसू लागले. पुढे एका गोदामावर रखवालदारी केली, पण घरी आले की पुन्हा भिंत. "माझा तोंड बघूक नको झाला ह्यांका," काकी म्हणायची. कितीतरी वर्षं तिने तेच खरं मानलं आणि मी गप्प राहिलो. त्याची मला लाज वाटते.

गेल्या वर्षी राहवलं नाही, काकीला सांगून टाकलं. काकी गॅस बंद करून उठली, भिंत आणि स्टूल यांच्यामध्ये जाऊन काकांसमोर उभी राहिली. "तेव्हा मी दमलेलंय हो. म्हणान तसा बोललंय."

"माका ठावक आसा," काका म्हणाले. त्या दिवशी दोघं समोरासमोर बसून जेवली. आठ दिवसांनी गेलो तर काका पुन्हा भिंतीकडेच. मला बघून ओशाळले. "वळाक बघतंय रे. मानच वळत नाय."

तेराव्याला काकी माझ्या आईला काकांच्या तऱ्हा सांगत होती, चहा गार झाला की कसे रुसायचे वगैरे. बोलताना तिने पदर तोंडावर धरला होता. ही सवय तिला कधी लागली, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "आता कोणापासून लपवतंस गो?" आईने विचारलं. काकी दचकली. पदर खाली घेतला, पुन्हा बोलायला लागली... आणि दोन वाक्यांतच तिचा हात परत ओठांवर गेला.