आईचं धावतं गाणं

अकरावीत असताना बदलापूरच्या एका मैत्रिणीने मला ऐकायला एक सीडी दिली. परदेशातल्या चार पोरांचा बँड, गिटार आणि ड्रमचा नुसता धुमाकूळ. बँडचं जे नाव, तेच अल्बमचंही. अंबरनाथच्या आमच्या खोलीत मी ती लावली तेव्हा आई जीन्सचा ढीग मांडून बसली होती. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या कारखान्यांतून शिवून आलेल्या जीन्सचे लोंबते धागे कापायचं काम ती घरी करायची. कापडाचा रंग लागून तिची बोटं कायम निळी असत.

वाटलं, ओरडेल, बंद कर म्हणेल. पण दोन गाण्यांनंतर बघते तर तिची कातर ड्रमच्या ठेक्यावर चाललेली.

दुसऱ्या दिवसापासून कामाला बसली की म्हणायची, "ते धावतं गाणं लाव गं." अख्खा अल्बम तिच्या लेखी एकच गाणं होता.

महिनाभराने मैत्रिणीने सीडी परत मागितली, तिच्या भावाची होती. मी आईला न सांगताच देऊन टाकली. दोन-तीन दुपारी आई गाण्याविनाच धागे कापत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझ्यामुळे बिघडली का गं ती?"

"नाही गं, परत दिली. तशीच नवी आणते," मी म्हटलं. कॉलेज सुटल्यावर शेअर रिक्षा पकडून मी थेट कॅम्प तीन गाठला. सीडीच्या दुकानातल्या सिंधी अंकलना बँडचं नाव सांगितलं.

"और अल्बम का नाम?"

"वही."

"अरे बेटा, वो तो बँड का हुआ. अल्बम का?"

"वही है, अंकल!"

शेवटी वैतागून त्यांनी त्याच बँडची दुसरीच कुठली तरी सीडी हातात ठेवली. घरी येऊन लावली, तर आईने पहिल्याच ठोक्याला मान हलवली. "हे ते नाही."

मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली आणि रविवारी भावाची सीडी घेऊन आमच्या घरी हजर झाली. आईसमोर मांडी घालून तिनेही एक कातर घेतली, धागे कापता कापता मोठ्याने गायला लागली.

"एवढं काय म्हणतायत गं ते?" आईने विचारलं.

"म्हणतायत, मावशी, या गावात आमचं मन रमत नाही. आम्हाला इथून जायचंय."

आईचा हात थांबला. "मला दहावीला बसायचं होतं," ती म्हणाली. "परीक्षेआधीच लग्न लावलं. मी रडलेसुद्धा नाही. असं ओरडायला पाहिजे होतं."

आईने शाळा आपणहून सोडली, असंच मी तोवर समजत होते. मैत्रीण म्हणाली, "मग आता ओरडा ना, मावशी!"

आईला शब्द येत नव्हते. तिने डोळे मिटून नुसताच आवाज लावला, इतका मोठा की शेजारच्या काकू घाबरून दारात आल्या. त्यांना बघून आई हसत सुटली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

बारावीनंतर मैत्रीण पुण्याला गेली. तिचा फोन आला की ती आधी आईला फोन द्यायला सांगायची. दोघी बराच वेळ बोलत बसायच्या. काय बोललात म्हणून विचारलं, तर आई म्हणायची, "ते आमचं आमच्यात."