रुपयावरचा श्रीराम

नाण्यांवर जुनी वचनं ठेवावीत की काढावीत, यावर आमच्या घरी हल्ली जेवताना वाद होतो. नातवंडं तावातावानं बोलतात, आणि मग माझ्याकडं बघतात. मी म्हणते, बाबांनो, आधी माझं ऐका, मग काय ते ठरवा.

आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. मोताळ्याच्या बाजारात चिल्लर दिसेनाशी झाली होती. मी घरात नवी सून, अक्षरओळख नाही. ती पुढं मीच पाटीवर गिरवून करून घेतली. माझे धाकटे दीर शाळेत मास्तर. त्या दिवाळीला लक्ष्मीच्या पाटावर सासूबाईंनी चांदीचे पाच रुपये मांडले, तर भाऊजी चिडले.

“आई, परक्या राजाचं नाव पाटावर मांडून हात जोडून राह्यली तू?”

“अरे, लक्ष्मी हाय ते. नाव कोण वाचते?”

“मी वाचतो नं!”

आणि पठ्ठ्यानं खरंच एक रुपया उचलला, राजाच्या डोक्याभोवतीची इंग्रजी अक्षरं कानशीनं घासून काढली आणि बारीक छिन्नीनं तिथं ‘श्रीराम’ कोरलं. सरकारी नाणं खराब करणं म्हणजे तुरुंग, हे घरात सगळ्यांना ठाऊक. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, पण देवाचं नाव टाकवेना. पाचही रुपये देव्हाऱ्यातल्या ताटलीत राहिले. रोज हळद, रोज कुंकू. महिन्या-दोन महिन्यांत कोणता कुठला, ओळखू येईना.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सासूबाई मागं चुलीपाशी होत्या. बायका येत होत्या, जात होत्या, आणि अचानक दारात पोलीस जमादाराची बायको उभी. नवीनच बदलून आलेली, अंगावर जरीचं लुगडं. मी गडबडले. ओटीत गहू घातले, बोरं घातली, उसाचे करवे घातले. पैसा हवा तर डब्यात एक आणासुद्धा नाही. एवढ्या मोठ्या घरची बाई, रिकामी कशी पाठवावी? मी देव्हाऱ्यातला एक रुपया उचलला नि तिच्या ओटीत टाकला. तिनं पदर आवळून धरला आणि हसून गेली.

सांजवात लावताना सासूबाई थबकल्या. ताटलीतले चारही रुपये त्यांनी पदरानं पुसले.

“सुनबाई, एक कोठी गेला वं?”

मी सांगितलं. त्यांनी एकेक रुपया दिव्यापाशी धरून पाहिला. चारही रुपयांवर इंग्रजीच होतं.

“मागून आणू का?” मी विचारलं.

“येडी झाली का? भरलेली ओटी कोणी वापस मांगते? तिचं कुंकू हाय त्याच्यात.”

भाऊजी ऐकत होते. एवढंच म्हणाले, “वहिनीले काही बोलू नको.”

पुढचे चार दिवस कसे काढले, माझं मला माहीत. दाराची कडी वाजली की मी आधी फटीतून बघे. भाऊजींना सासूबाईंनी दोनदा सांगितलं, शेगावला जा, तिथून गाडी धरून मामाकडं जा. ते रोजच्यासारखे शाळेत जात राहिले. मी चुलीपुढं बसून तोच विचार करी. पोथीतलं नाव पोथीत राहतं, देवळातलं देवळात. नाण्याला घर नसतं. ते दारू विकणाऱ्या कलालाच्या गल्ल्यात जातं, जुगाऱ्याच्या मुठीत जातं, फौजदाराच्या टेबलावरही जाऊन पडतं. त्याच्यावर राजा लिहा की राम लिहा, ते ज्याच्या हातात त्याचं.

पाचव्या दिवशी, भर दुपारी, जमादार आला. एकटाच. ओट्यावर बसला, पाणी प्याला, कपाशीच्या भावाचं बोलला. मग खिशातून रुमाल काढला आणि त्याची गाठ सोडली.

“बाई, तुमच्या घरी रामाचा भक्त कोण हाय?”

सासूबाई म्हणाल्या, “सारं गावच भक्त हाय, जमादार.”

“हाव. पण छिन्नी साऱ्या गावाची नाही.” तो आत, माझ्याकडं बघत बोलला. “ओटी कोणी भरली?”

मी पदर पुढं ओढून दाराआड सरकले. तेवढ्यात भाऊजी शाळेतून आले. दारातच त्यांनी रुमाल पाहिला.

“तिले काऊन विचारता? तिले वाचता येत नाही. कोरलं मी.”

“मास्तर, इचार करून बोला.”

“इचार दिवाळीलेच केला.”

जमादारानं रुपया पुन्हा रुमालात बांधला. त्याचं तोंडही उतरलं होतं. म्हणाला, “मी नसतो आलो. पण माह्या बायकोनं सणाचा रुपया म्हणून शेजारणीले दाखवला. आता साऱ्या ठाण्याले माहीत झाला.”

सासूबाई उठल्या. “जेवू द्या त्याले. मग न्या.”

जमादार अंगणात जाऊन उभा राहिला. भाऊजींनी हात धुतले आणि पाटावर बसले. मी भाकरी वाढली, पिठलं वाढलं. पिठलं ताटाबाहेर सांडलं. भाऊजी सावकाश जेवत होते. त्यांनी दुसरी भाकरी मागितली. मग तिसरी. भूक होती म्हणून नाही, हे मला कळत होतं, म्हणून त्यांनी न मागताच मी चौथी थापायला घेतली.