येलनाकाचा बुरूज

कचरूमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका इंजिनिअरला झापत होते. धामणगडाच्या दुसऱ्या दरवाजापाशी त्याला सेल्फी पॉइंट करायचा होता आणि त्यानं फक्त एवढंच विचारलं होतं, "मामा, कुठं करू?"

"जिथून मान्सं पडत नायत तिथं," मामा म्हणाले. "वर बघा की. आग्या मोहळ हाय. हसत फोटो काढाल आन् बोंबलत उतराल."

सिल्लोडच्या पुढे डोंगरात हा गड. इतकी वर्षं तिथं शेळ्या, मोहळं आणि कचरूमामा एवढीच वर्दळ. मग वरच्यांच्या मनात आलं की गडाचं पर्यटनस्थळ करावं. तिकीटखिडकी आली, बॅटरीवरची गाडी आली, घोड्यांच्या पागेत कॉफीचं मशीन बसलं. माझ्याकडे फलकांचं काम होतं. गडावरच्या चाळीस जागा, चाळीस फलक आणि प्रत्येकावर साठ शब्द. मी शहरातून मोटारसायकलवर यायचो आणि मामांच्या मागे मागे गड चढायचो.

मामा गडाचे पहारेकरी. चौतीस वर्षं नोकरी, त्यातली पहिली अकरा रोजंदारीवर, आणि मार्चअखेर निवृत्ती. त्यांच्या आधीची दोन भावंडं गेली म्हणून दृष्ट लागू नये असं नाव ठेवलं, कचरू. पायथ्याच्या वाडीत विहाराशेजारी घर. शाळा सातवीपर्यंत. पण कोणती पायरी हलते, कोणत्या टाक्यात मे महिन्यातही पाणी असतं, हे त्यांना विचारल्याशिवाय कुठल्या साहेबाचं पान हलत नसे. माझे निम्मे फलक त्यांच्याच तोंडून आलेत. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

मजकूर पक्का झाल्यावर मी तो त्यांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ बोटानं वाचली. "झकास लिव्हलंय," म्हणाले. मग एका पानावर परत आले.

"ह्यो पूर्व बुरूज कोन्ता?"

"कोपऱ्यातला. जुन्या यादीत त्याचं नाव 'येल्या महाराचा बुरूज' होतं. आता जातीवरून नावं ठेवत नाहीत, मामा. काढून टाकलं." खरं सांगायचं तर मी शाबासकीची वाट बघत होतो.

मामांनी चष्मा काढला. "जात काढली, लई चांगलं केलं. मानूस कामून काढला?"

येल्या हा त्यांच्या पणज्याचा बाप. गडाची राखण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे होती. घरात त्याला येल्या कुणी म्हणत नसे. मामांचा आजा 'येलनाक' म्हणायचा, पूर्ण आणि सावकाश. येल्या हे गावानं केलेलं.

"येवढ्या गडात आमचा एकच बुरूज व्हता, सर," मामा म्हणाले. "त्यो बी तुम्ही दिशेच्या नावावर केला."

मी ते प्रकल्पप्रमुख तनुजा मॅडमना सांगितलं. बाई वाईट नव्हत्या, घाईत होत्या. त्यांनी विचारलं, "पुरावा आहे?" कागद कुठला असणार? मी तसाच निरोप मामांकडे नेला. मामा भांडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "राणीच्या न्हाणीला कोन्ता कागद लावला व्हता?"

राणीची न्हाणी ही माझीच करामत. तिथं एक दगडी हौद आहे, बस्स. एक शेळ्या राखणारा त्याला राणीची न्हाणी म्हणाला आणि मी साठ शब्द ठोकून दिले, वर 'स्थानिक परंपरेनुसार' असं चिकटवलं. त्यावर कुणी पुरावा मागितला नाही. राणीकडे कोण मागणार?

दुसऱ्या दिवशी मी येलनाकाचा फलक नव्यानं लिहिला, त्यालाही 'स्थानिक परंपरेनुसार' लावलं आणि दोन्ही कागद मॅडमपुढे शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी वाचले, माझ्याकडे बघितलं. "मला बरोबर कात्रीत धरलंत," म्हणाल्या आणि सही केली.

मामांना सांगितलं तर म्हणाले, "मी नोकरीवर हाय तवर लागू द्या, येवढंच."

उद्घाटन तीस मार्चला होतं, मामांची निवृत्ती एकतीसला. फलक आले एकोणतीसच्या दुपारी. मामा नात विशाखाला घेऊन आले होते, ती सिल्लोडला बी.ए. करते. चष्मा खिशात असून त्यांनी काढला नाही. "तू वाच," म्हणाले. "मला ऐकायचंय."

टेम्पोला टेकून दोन फलक उभे होते. विशाखानं आधी राणीचा वाचला, "स्थानिक परंपरेनुसार राणीसाहेब येथे स्नानास येत असत." मग दुसरा, "स्थानिक परंपरेनुसार येलनाक या बुरुजावर पहारा देत होते."

"परत वाच."

तिनं वाचलं. या वेळी आवाज जरा अडखळला. मामांनी चष्मा लावला, वाकले आणि ओळीवरून बोट फिरवलं.

"तसं लिव्हलंय का गं?"

विशाखा खाली बघत म्हणाली, "नाही, आबा. 'देत होता' लिहिलंय. मी वाचताना होते म्हटलं."

मी पाहिलं. राणीसाहेब येत असत आणि येलनाक देत होता. छापखान्याची चूक नव्हती. मीच लिहिलेलं, मीच चारदा तपासलेलं. लासूर स्टेशनजवळ आमच्या शेतावर सत्तरीचा सालगडी होता. मी दहा वर्षांचा, त्याला 'ए' म्हणून हाक मारायचो आणि घरात ते कुणाला खटकत नसे. मलाही नाही. त्या टेम्पोपाशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक झाली, मामा. आत्ता हाच लावू, मागून बदलतो."

"चूक नाय, सर. सवय हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "टाका गाडीत. आसा नको."

"आबा, परवा तुम्ही रिटायर होणार," विशाखा म्हणाली. "मग लागलेला बघणार कधी?"

"तिकीट काढून बघीन," मामा म्हणाले.

उद्घाटन झालं. फीत कापली, भाषणं झाली, पागेत कॉफीसाठी ही रांग लागली. एकोणचाळीस जागी फलक होते आणि कोपऱ्यातल्या बुरुजापुढे नुसती रिकामी लोखंडी चौकट. मामा कडक इस्त्रीचा गणवेश घालून सकाळपासून तिच्याशेजारी उभे राहिले. त्यांना तिथं कुणी नेमलं नव्हतं. लोक यायचे आणि विचारायचे, इथं काय आहे?

"इथं येलनाक पहारा देत होते," मामा सांगायचे.

सांगताना 'व्हते' नाही म्हणायचे, 'होते' म्हणायचे. जन्मात तसं बोलले नव्हते. संध्याकाळपर्यंत शेकडो लोकांना सांगितलं, पण एकदाही चुकले नाहीत.